दादर, मुलुंड की डोंबिवली? पसंतीचं वर्तुळ आणि अर्थशास्त्रातला विवेकी ग्राहक

परळची_शिकवणी

बारावी कॉमर्सच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. उपयोगितेच्या, म्हणजे वस्तूतून मिळणाऱ्या समाधानाच्या, प्रकरणात गृहीतकांची यादी असते, त्यात 'विवेकशीलता' आणि 'स्थिरता' येतात: ग्राहक विवेकाने वागतो, आणि त्याची आवडनिवड, सवयी, उत्पन्न बदलत नाही. मुलं पाठ करतात आणि पुढे जातात. कंजूष, मद्यपी हे अपवादांच्या यादीत असतात, त्यामुळे बाकी आपण सगळे नियमात बसतो असा मुलांचा समज होतो. यंदा एका मुलीने विचारलं, "माणूस विवेकशील आहे की नाही हे तपासायचं कसं?" प्रश्न मला फार मोलाचा वाटला. वर्गात तासाभरात मावणारा नाही, म्हणून इथे मांडते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. तुम्ही चांगलं निवडता की वाईट, याच्याशी सिद्धांताला काही घेणंदेणं नाही. एखाद्याने पगार उडवून घोड्यांवर लावला तरी तो या व्याख्येत बसू शकतो. अट आहे ती सुसंगतीची. कुठलेही दोन पर्याय समोर आले तर तुम्हाला तुलना करता यायला हवी. आणि 'अ' हा 'ब'पेक्षा आवडतो, 'ब' हा 'क'पेक्षा आवडतो, तर 'अ' हा 'क'पेक्षा आवडायलाच हवा. ही संक्रमकता. समवृत्ती वक्र (ग्राहकाला सारख्याच आवडणाऱ्या पर्यायांना जोडणाऱ्या रेषा) एकमेकांना छेदत नाहीत हे आपण सिद्ध करतो तेव्हा हीच अट वापरतो.

1938 साली पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञाने याहून पुढचं पाऊल टाकलं. माणसाच्या मनात काय चाललंय ते विचारूच नका, तो काय विकत घेतो ते बघा. 'ब' परवडत असूनही त्याने 'अ' घेतलं, तर त्याने 'अ'ची पसंती प्रकट केली. आता दुसऱ्या दिवशी 'अ' परवडत असताना तो 'ब' घेऊन आला, तर त्याच्या वागण्यात विसंगती आहे. हा प्रकट पसंतीचा सिद्धांत.

आता माझ्या ओळखीतलं एक घर सांगते. दादरची जुनी इमारत पुनर्विकासात गेली आहे. बिल्डर दरमहा भाडं देणार, तेवढ्यात काही वर्षं काढायची. तेवढ्याच भाड्यात तीन जागा मिळतायत: दादरलाच वन आरके, मुलुंडला वन बीएचके, डोंबिवलीला टू बीएचके. मी सहज विचारलं. दादर की मुलुंड? मुलुंड. मुलुंड की डोंबिवली? डोंबिवली. मग डोंबिवली की दादर? दादर!

हे सरळ सरळ वर्तुळ आहे. डेव्हिडसन, मॅकिन्सी आणि सपीस यांनी 1955 मध्ये दाखवलं की अशा वर्तुळात अडकलेल्या माणसाचा खिसा कुणीही रिकामा करू शकतो. आपल्याकडे तर त्याला वेगळी युक्तीही लागणार नाही. लीव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने संपले की एजंट आधीपेक्षा 'आवडती' जागा दाखवणार, एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेणार, आणि तीन फेऱ्यांनी हे कुटुंब पुन्हा पहिल्याच जागी. पदरात काही नाही, तीन महिन्यांची दलाली गेली.

पण मी या घराला ओळखते. अत्यंत हिशेबी माणसं आहेत. त्यांना अविवेकी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग चूक सिद्धांताची, की माझ्या प्रश्नाची? तुम्हाला काय वाटतं?

चौथी_सीट

फार चांगला धागा. मला यात अविवेक दिसत नाही, डोळ्यांची मर्यादा दिसते. दादरवरून मुलुंडला जाताना एक खोली वाढते आणि फास्टचा अर्धा तास वाढतो. "चालेल की." मुलुंडवरून डोंबिवलीला जाताना आणखी एक खोली आणि आणखी थोडा वेळ. "एवढं तर जातोच आहोत." दोन्ही वेळा प्रवासातला फरक लहान वाटला म्हणून सोडून दिला. पण डोंबिवली आणि दादर शेजारी ठेवले की ते दोन्ही सोडलेले फरक एकदम अंगावर येतात, सकाळच्या गर्दीसकट.

हे माहीत असलेलं कोडं आहे. डंकन लूसने 1956 मध्ये कॉफीच्या कपांचं उदाहरण दिलं होतं. प्रत्येक कपात आधीच्यापेक्षा साखर कणभर जास्त. शेजारच्या दोन कपांत कुणालाच फरक कळत नाही, पण पहिल्या आणि शेवटच्या कपात कुणालाही कळतो. अमोस ट्वर्स्कीने 1969 मध्ये प्रयोग करून दाखवलं की अशी रचना केली तर माणसं खरोखरच वर्तुळात फिरतात.

उपाय सोपा आहे. जोड्या लावू नका, तिन्ही जागा एकदम समोर ठेवा.

गणिताची_वही

चौथी_सीट, तिन्ही एकदम समोर ठेवल्या की बहुतेक लोक मधली उचलतात. इटामार सायमनसनने 1989 मध्ये हेच दाखवलं: टोकाचे दोन पर्याय शेजारी असले की मधला अधिक बरा वाटू लागतो. म्हणजे मुलुंड जिंकेल, पण ते मुलुंड आवडलं म्हणून की मध्ये होतं म्हणून, हे कळणार नाही.

ताई, तुम्ही सॅम्युएलसन काढलात म्हणून मी एक हिशेब मांडतो. आकडे समजा असे. पहिल्या रविवारी सुरमई 800 रुपये किलो, बोंबील 200 रुपये किलो. घरात एक किलो सुरमई आणि एक किलो बोंबील आले, खर्च 1000. दुसऱ्या रविवारी सुरमई 600 वर उतरली, बोंबील 400 वर चढले. या वेळी अर्धा किलो सुरमई आणि दोन किलो बोंबील आले, खर्च 1100.

आता तपासा. दुसऱ्या रविवारची पिशवी पहिल्या रविवारच्या भावाने 800 ला पडली असती. हातात 1000 असताना ती घेतली नाही, म्हणजे पहिली पिशवी जास्त पसंत. पण पहिली पिशवी दुसऱ्या रविवारी 1000 ला मिळत होती, आणि 1100 खर्चून दुसरी घेतली. म्हणजे दुसरी जास्त पसंत. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. जे महागलं ते जास्त घेतलं, जे स्वस्त झालं ते कमी.

या पद्धतीचं सौंदर्य मला असं वाटतं की तिला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही. हौथॅकरने 1950 मध्ये ही अट 'अ'पासून 'ब', 'ब'पासून 'क' अशा लांबलचक साखळ्यांना लागू केली. ॲफ्रियाटने 1967 मध्ये सिद्ध केलं की खरेदीच्या मर्यादित नोंदींत असं वर्तुळ सापडलं नाही, तर त्या सगळ्या नोंदी एकाच उपयोगिता फलनातून, म्हणजे आवडीच्या एकाच सूत्रातून, आल्या असं मानता येतं. पावत्या पुरतात. हार्बॉ, क्राउझ आणि बेरी यांनी 2001 मध्ये मुलांवर ही चाचणी केली. सात वर्षांच्या मुलांच्या निवडीत विसंगती बरीच होती, अकरा वर्षांच्या मुलांची सुसंगती कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीची निघाली. म्हणजे तुमच्या बारावीच्या मुलांवर ही अट अन्याय करत नाही.

गिरगावची_गच्ची

वही, हिशेब पटला. पण दुसऱ्या रविवारी गावाहून दीर-जाऊ आले असतील, आणि त्यांना बोंबीलच हवे असतील तर? किंवा दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार असेल तर? गटारीच्या पिशवीचा आणि एरवीच्या रविवारच्या पिशवीचा एकच हिशेब कोण करेल?

अमर्त्य सेन यांचा 1993 चा निबंध याच मुद्द्यावर आहे. टोपलीत जेवणानंतर एकच सफरचंद उरलंय. सभ्य माणूस ते घेत नाही. दोन असती तर त्याने एक उचललं असतं. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. ताटलीत कोथिंबीर वडीचा शेवटचा तुकडा तसाच राहतो, आणि आणखी चार वड्या आल्या की तोच माणूस हात पुढे करतो. कोरा नियम म्हणेल, "एक वडी आणि काहीच नाही यात तू 'काहीच नाही' निवडलंस. मग आणखी पर्याय आले म्हणून वडी कशी काय निवडलीस?" सेन यांचं म्हणणं असं की निवडीतली सुसंगती नुसत्या निवडीकडे पाहून ठरवताच येत नाही. माणूस कशासाठी निवडतो, त्याची मूल्यं काय, कुठल्या रीतीत तो वाढला, हे बाहेरून आत आणावं लागतं. त्यांचं दुसरं उदाहरण तर अधिक टोकदार आहे. अनोळखी माणसाने चहाला बोलावलं तर तुम्ही जाल. तोच म्हणाला की चहा घ्या नाहीतर कोकेन घ्या, तर तुम्ही घरी पळाल. चहा तोच आहे, पण यादीनेच तुम्हाला यजमानाची ओळख करून दिली.

सॅम्युएलसनने माणसाच्या मनाचं दार लावून घेतलं, याचं मला खरंच दुःख वाटतं. त्या दारापलीकडेच तर कारणं असतात.

गणिताची_वही

गच्चीताई, कारणं असतात हे मान्यच. ठरावीक दिवशी, ठरावीक ठिकाणी मिळणारी वस्तू ही वेगळीच वस्तू, असं जेरार्ड डेब्रूच्या 1959 च्या पुस्तकातही आहे. श्रावणाआधीचा बोंबील हा वेगळा बोंबील मानू. पण मग थांबायचं कुठे? प्रत्येक विसंगतीला "तेव्हा परिस्थिती वेगळी होती" असं म्हणता आलं तर सिद्धांत कधीच खोटा ठरणार नाही. जो कधीच खोटा ठरत नाही त्याचा उपयोग तरी काय?

दूरचा_दिवा

आणि काही विसंगती अशा आहेत की तिथे पाहुणे, श्रावण, शिष्टाचार काहीच आड येत नाही. सारा लिक्टेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी 1971 मध्ये लोकांसमोर दोन पैजा ठेवल्या. अशा पैजांची एक जोडी पहा. पहिलीत 36 पैकी 35 वेळा 4 डॉलर मिळतात, एकदा 1 डॉलर जातो. दुसरीत 36 पैकी 11 वेळा 16 डॉलर मिळतात, उरलेल्या वेळी दीड डॉलर जातो. सरासरी दोन्हींची साधारण सारखीच, 3.86 आणि 3.85. कुठली खेळाल विचारलं की बरेच जण पहिली म्हणतात. प्रत्येक पैज तुमच्या मालकीची असती तर कितीला विकाल विचारलं की तेच लोक दुसरीला जास्त किंमत लावतात. 1973 मध्ये त्यांनी लास व्हेगासच्या एका कॅसिनोत, खऱ्या जुगाऱ्यांवर, खऱ्या पैशांनी प्रयोग केला. निकाल तोच.

मला यातला पुढचा भाग सगळ्यात भावतो. डेव्हिड ग्रेदर आणि चार्ल्स प्लॉट हे दोन अर्थशास्त्रज्ञ 1979 मध्ये हा प्रकार अर्थशास्त्राला लागू होत नाही हे दाखवायला निघाले. खोट आली असेल अशा सगळ्या जागा त्यांनी एकेक करून बंद केल्या. पैसे खरे दिले, गोंधळ टाळला. विसंगती गेली नाही, आणि त्यांनी तसं स्वच्छ लिहून छापलं. शास्त्रात याहून प्रामाणिक वागणं कुठलं?

म्हणून वही, मला वाटतं मर्यादा इथे आखता येते. कारण सांगितल्यावर माणूस त्यावर ठाम राहतो का? शेवटची वडी न घेणारा उद्याही घेणार नाही, आणि का ते सांगेल. पैजांच्या बाबतीत मात्र कारण पुढे येत नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली आणि उत्तर बदललं, एवढंच.

मीटर_डाऊन

माझे वडील काळी-पिवळी चालवायचे, शिफ्टवर. मालकाचं भाडं रोज द्यायचंच, म्हणून डोक्यात रोजचा एक आकडा असायचा. त्यामुळे टॅक्सीवाल्यांवरचं संशोधन मी आवर्जून वाचलंय. 1997 मध्ये कॅमेरर, बॅबकॉक, लोवेन्स्टीन आणि थेलर यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांच्या नोंदी तपासून म्हटलं की ज्या दिवशी धंदा चांगला त्या दिवशी ते लवकर घरी जातात, कारण ठरवलेला आकडा पूर्ण होतो. पुस्तकाप्रमाणे उलटं हवं: तासाला जास्त मिळतंय त्या दिवशी जास्त वेळ गाडी चालवा.

हे संशोधन खूप गाजलं आणि ड्रायव्हर लोकांना हिशेब कळत नाही असा त्याचा अर्थ लावला गेला, ते मला आजही खुपतं. हेन्री फार्बरने पुढे 2009 ते 2013 या पाच वर्षांतल्या न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांच्या नोंदी घेतल्या आणि 2015 मध्ये दाखवलं की बहुतेक चालक कमाई चांगली असेल तेव्हा जास्तच काम करतात, आणि अनुभवाने हे आणखी सुधारतं. कमी नोंदींवरून एखाद्या जमातीला अविवेकी ठरवणं किती धोक्याचं आहे ते यातून दिसतं. आणि जिथे रोजचा आकडा असतो तिथेही त्याचा उपयोग असतो. भर उन्हात दुपारी दोन वाजता गाडी लावून झोपायचा मोह होतो, तेव्हा तो आकडा माणसाला स्टीअरिंगवर बसवतो. उद्याच्या स्वतःवर विश्वास नसणं आणि त्याची आजच सोय करून ठेवणं, याला मी शहाणपणच म्हणेन. रॉबर्ट स्ट्रॉट्झने 1950 च्या दशकातच यावर लिहिलंय. आमच्याकडे आई त्याच कामासाठी भिशी लावायची.

गिरगावची_गच्ची

मीटर_डाऊन, फार छान लिहिलंत.

शिकवणीताई, एक विचारायचं राहिलं. त्या घरात तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलं कोणी? एकाच माणसाने तिन्ही वेळा दिलं, की घरातल्या सगळ्यांनी मिळून?

परळची_शिकवणी

गच्चीताई, सगळे बसले होते. नवरा, बायको आणि सासूबाई. दोघांचं एकमत झालं की तेच घराचं उत्तर. तुमचा प्रश्न वाचून मी काल तिघांना वेगवेगळं विचारलं.

बायको घरून काम करते, तिला जागा हवी. तिचा क्रम: डोंबिवली, मुलुंड, दादर. नवऱ्याचं ऑफिस भांडुपला. त्याचा क्रम: मुलुंड, दादर, डोंबिवली. सासूबाईंचा जन्म दादरमधला, देऊळ, डॉक्टर, भाजीवाली सगळं पायाखालचं, म्हणून दादर पहिलं. पण दादर सोडायचंच असेल तर डोंबिवलीला त्यांची सख्खी बहीण आहे. मुलुंडला त्यांचं कोणीच नाही, म्हणून मुलुंड शेवटी.

तिघांपैकी एकाच्याही क्रमात वर्तुळ नाही. आता मतं मोजा. दादर-मुलुंडमध्ये नवरा-बायको मुलुंडच्या बाजूने. मुलुंड-डोंबिवलीत बायको आणि सासूबाई डोंबिवलीच्या बाजूने. डोंबिवली-दादरमध्ये नवरा आणि सासूबाई दादरच्या बाजूने. तीन पूर्णपणे विवेकी माणसं, आणि घराची पसंती गोल फिरते.

दूरचा_दिवा

वा! हा तर काँडोर्सेचा विरोधाभास, 1785 चा. यावरूनच पुढे केनेथ ॲरोने 1951 मध्ये सिद्ध केलं की मोजक्या रास्त अटी पाळून सगळ्यांच्या क्रमांतून एक सुसंगत क्रम काढणारी कुठलीही पद्धत खात्रीची असू शकत नाही.

एक गोष्ट जरूर सांगा त्यांना: अशा घरात प्रश्न कुठल्या क्रमाने विचारला जातो त्यावर निकाल ठरतो. आधी "दादर की मुलुंड" विचारलं तर मुलुंड उरतं, मग डोंबिवलीसमोर हरतं, आणि सामान डोंबिवलीला जातं. आधी "मुलुंड की डोंबिवली" विचारलं तर डोंबिवली उरते आणि दादरसमोर हरते. जो आधी तोंड उघडेल त्याच्या हातात निकाल. यात नकळतही अन्याय होऊ शकतो.

गिरगावची_गच्ची

मला हेच म्हणायचं होतं. पुस्तकात 'ग्राहक' एकटा असतो, पण आपल्याकडे भाजीची पिशवी कधी एकट्याची असते का? सॅम्युएलसननेच 1956 मध्ये कबूल केलं होतं की मागणी करणारं एकक माणूस नसून कुटुंब असतं, आणि कुटुंबाची पसंती एकच धरायची तर आतमध्ये काहीतरी एकमत झालंय असं मानावं लागतं. ते मानणं किती पोकळ आहे ते लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स यांच्या 1997 च्या अभ्यासात दिसलं. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीचा भत्ता वडिलांच्या पगारातून निघून आईच्या हातात पडू लागला. घराचं उत्पन्न साधारण तेवढंच, तरी बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत वाढला. घर एका मनाने चालत असतं तर पैसा कोणाच्या हातात आला याने फरक पडला नसता.

वही, तुमच्या बोंबलाच्या हिशेबातही हा धागा आहे. पहिल्या रविवारी बाजारात कोण गेलं होतं आणि दुसऱ्या रविवारी कोण?

चौथी_सीट

म्हणजे मी वर दिलेलं लहान फरक साचण्याचं कारण या घराला लागू नाही. एकट्या माणसाचं वर्तुळ असतं तर तेच पहिलं तपासलं असतं. दोन्ही कारणांतून बाहेरून दिसणारं चित्र मात्र हुबेहूब सारखं, हे विशेष. नुसत्या निवडी पाहून ओळखता येणार नाही.

गणिताची_वही

गच्चीताई, बाजारात कोण गेलं होतं हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता आणि तो असायला हवा. तरीही मी चाचणीची बाजू सोडणार नाही. विसंगती दिसली म्हणून तर शिकवणीताईंनी तिघांना वेगळं विचारलं. संक्रमकतेची अट नसती तर "आवडतं बाबा एकेकाला" म्हणून आपण सगळे गप्प बसलो असतो. डोंबिवली आवडते की दादर, हे ती अट सांगत नाही, पण आत काहीतरी बघायचं राहिलंय हे सांगते.

परळची_शिकवणी

वही, मुलांपुढे मी हे असंच ठेवणार आहे: विसंगती सापडली की निकाल द्यायचा नाही, चौकशी सुरू करायची. कोण निवडतंय, ताटात आधीपासून काय होतं, आणि प्रश्न कोणी मांडला. तिसरी गोष्ट मला फार लागते. ह्यूबर, पेन आणि प्यूटो यांनी 1982 मध्ये दाखवलं की यादीत मुद्दाम एक कमअस्सल पर्याय घातला की त्याच्याशी मिळताजुळता, पण त्याहून सरस असलेला पर्याय जास्त विकला जातो. नव्या इमारतींच्या साइटवर नेमका एक अंधारा, महाग फ्लॅट आधी दाखवतात तो काही योगायोग नसतो. तिथे आपली पसंती दुसऱ्याने हलवलेली असते आणि त्याचे हप्ते वीस वर्षं आपण भरतो. शेवटच्या वडीला हात न लावणाऱ्या माणसाला आणि साइटवर फसलेल्या माणसाला एकाच 'अविवेकी' खान्यात टाकणं मला मान्य नाही.

त्या घराबद्दल: रविवारी तिघं पुन्हा बसणार आहेत. मी सुचवलंय की मतं मोजू नका, कारण क्रमातून ओढ किती ते कळत नाही. सासूबाईंना मुलुंड नकोच आहे की फक्त शेवटी आहे? नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळालं तर डोंबिवली कितपत जड जाईल? यावर बोला.

वही, तुमचा मासळीचा हिशेब मी गृहपाठ म्हणून देऊ का?

गणिताची_वही

जरूर द्या. आणखी एक तिसरा रविवार जोडा, ज्यात विसंगती नसेल, म्हणजे मुलं नुसतं उत्तर पाठ करणार नाहीत. आणि दोन रकाने कोरे ठेवा, बाजारात कोण गेलं आणि जेवायला किती माणसं होती. ते मुलांनी घरी विचारून भरावेत.